संगणकाला वारा कुठून द्यायचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



गाणी झाली, आठवणी झाल्या, हजेरीपटावरची नावं पुन्हा एकदा वाचून झाली. आता जेवणाआधीचा वेळ मला दिला आहे आणि विषय आहे पंख्यांचा. सभागृहात थोडी कुजबुज ऐकू येते आहे. चालेल. पण जेवणानंतर आपल्याला एक निर्णय घ्यायचा आहे, त्याआधी हे ऐकून घ्या एवढीच विनंती.

आपल्या बॅचने शाळेला २० जुने पण चालते संगणक दिले. तेव्हापासून दरवर्षी एकच तक्रार येते. जुलै ते फेब्रुवारी यंत्रं नीट चालतात. होळी झाली की रडायला लागतात. एप्रिलमध्ये तर दुपारी बाराच्या पुढे निम्मी यंत्रं आपोआप बंद पडतात आणि मुलं एका यंत्रासमोर चार-चार जण बसतात. आपल्या गटात दोन मतं आहेत. एक मत, हे सगळं भंगारात घालून दहा नवे घ्यावेत. दुसरं मत, खोलीला एसी बसवावा. दोन्हींसाठी पैसे गोळा करायची तयारी आहे, याचा आनंद आहे. माझं मत तिसरं आहे. गेली वीस-बावीस वर्षं तुमसरला हीच यंत्रं उघडण्याचं काम करतो, म्हणून बोलायचं धाडस करतो आहे.

आधी आपल्या सगळ्यांच्या घरातल्या गोष्टीपासून सुरुवात करू. कूलर. पुण्या-मुंबईला गेलेल्या मित्रांना कदाचित आता आठवत नसेल, पण भंडारा, गोंदियाकडे कूलर कसा लावतात हे पोरालाही ठाऊक असतं. (गोंदिया म्हटलं, कारण आपण शाळेत होतो तेव्हा तो आपलाच जिल्हा होता, १ मे १९९९ ला वेगळा झाला. तिकडच्या मित्रांनी हक्क सोडू नये.) कूलर खोलीच्या मधोमध ठेवत नाहीत, खिडकीत लावतात. का? त्याला पाठीमागून कोरडी, बाहेरची हवा हवी असते. आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवतात. ती बंद केली की अर्ध्या तासात अंग चिकचिकतं, ताट्या कितीही ओल्या असोत. म्हणजे हवा येण्याला वाट हवी, जाण्याला वाट हवी, आणि आलेली हवा ताजी हवी. संगणकाच्या पेटीचं शास्त्र याहून वेगळं नाही. पाण्याचा भाग तेवढा सोडून द्या.

आता आपल्या प्रयोगशाळेत चला. मागच्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. संगणकाची टेबलं कशी आहेत? खाली उजव्या हाताला पेटी ठेवायला एक कप्पा आहे, तीन बाजूंनी बंद. पाठीमागे प्लायवूड, त्याला वायरीपुरतं एक भोक. पेटी त्यात अशी घट्ट बसवली आहे की बाजूला बोट जात नाही. यंत्राच्या मागून निघालेली गरम हवा प्लायवूडवर आपटते, वळून पुढे येते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत जाते. स्वतःचाच श्वास पुन्हा पुन्हा घ्यायचा. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर म्हणतो ना, तो हाच.

यात किती फरक पडतो याचा हिशोब मांडू. आपले विज्ञानाचे सर समोरच बसले आहेत. सर, चुकलं तर तिथूनच थांबवा. आठवीत की नववीत विशिष्ट उष्मा शिकवताना आपण पाण्याची गणितं केली होती, इथे हवेची करायची. आपलं एक यंत्र काम करताना साधारण १०० वॅट वीज खातं असं धरू. ती सगळी शेवटी उष्णताच होते, म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल. १२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्या जागेत सेकंदाला साधारण १९ लिटर हवा फेकतो. बाजारात हे ४० सीएफएम म्हणून लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या हवेत १९ लिटर म्हणजे जवळपास २० ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंश तापायला एक ज्यूल लागतो. २० ग्रॅमला १०० ज्यूल दिले तर हवा ५ अंशांनी तापेल. पण हा झाला पंखा मोकळ्या मैदानात. पेटीतल्या जाळ्या, वायरी, अडथळे यांमुळे निम्मीच हवा जाते असं समजा. मग ५ चे १० अंश झाले.

आता बेरीज करा. जानेवारीत सकाळी खोलीत २० अंश. त्यात पेटीचे १० मिळवा, ३०. चिप तिच्याभोवतीच्या हवेपेक्षा कामाच्या वेळी समजा ४० अंशांनी गरम असते, म्हणून ७०. छान, काही तक्रार नाही. मे महिन्यात खोलीत ४२. तेच १०, तेच ४०. झाले ९२. बहुतेक चिपा १०० च्या आसपास, काही तर ९०-९५ लाच स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर यंत्र सरळ बंद होतं. म्हणजे मे महिन्यात आपलं यंत्र आधीच काठावर उभं आहे. त्याला वरून कप्प्यात कोंडलं, आत जाणारी हवाच ४२ ऐवजी ५२ ची झाली, की गेलं काठाच्या पलीकडे. यंत्र खराब नाही. जुलैत तेच यंत्र गुणी बाळासारखं चालतं, त्याचं कारण हेच.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते, ती एसीवाल्या आणि पंखेवाल्या दोघांनीही लक्षात घ्यावी. पंखा कितीही लावा, चिप खोलीपेक्षा थंड होणार नाही. पंखा फक्त मधले १० आणि ४० कमी करतो. त्यातही पहिला पंखा १० चे ५ करतो, तेवढाच दुसरा लावला तर ५ चे साधारण सव्वातीन, पुढे अडीच. चार-चार रंगीत दिव्यांचे पंखे लावलेली पेटी दुकानात छान दिसते, पण तिसऱ्या-चौथ्या पंख्याने आपल्यासारख्या यंत्राला फारसं काही मिळत नाही.

आता कुठे लावायचा. पंख्याला दोन तोंडं असतात. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या तीन-चार काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. हे सांगायचं कारण म्हणजे उलटे लावलेले पंखे मी महिन्याकाठी एक-दोन तरी पाहतो. पाठीमागचा पंखा हवा आत ओढतो, त्याच्याच शेजारी वीजपुरवठ्याच्या डब्याचा, म्हणजे एसएमपीएसचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो. तीच हवा लगेच आत येते. फिरतात दोन्ही, काम शून्य. साधा नियम असा: पुढून खालून आत, मागून वरून बाहेर. गरम हवा वर जाते हे खरं, पण या छोट्या पेटीत तिची वर जायची ताकद पंख्यापुढे काहीच नाही. मागे-वर बाहेर काढायचं कारण एवढंच की चिप तिथे जवळ असते. पेटीच्या छतावर जागा असली म्हणून पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा पंखा लावू नका. पुढून आलेली थंड हवा चिपपर्यंत पोचायच्या आतच तो पळवून नेतो.

एकच पंखा घ्यायचा असेल तर पुढे की मागे? पुस्तकी उत्तर मागे असं आहे. मी आपल्या भागासाठी पुढे म्हणतो. कारण आपल्या यंत्रांत एसएमपीएस वर आहे, तो हवा बाहेर ओढतोच आहे. अजून एक ओढणारा लावला की पेटीच्या प्रत्येक फटीतून हवा आत शिरते, आणि आपल्याकडे हवेबरोबर काय येतं ते सांगायला नको. धानाच्या भरडाईचा हंगाम सुरू झाला की तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनीकडे राईस मिलच्या आसपासची झाडंसुद्धा पांढुरकी होतात. कोंड्यात तेल असतं. तो साध्या धुळीसारखा फुंकर मारून उडत नाही, चिकटतो. मी उघडलेल्या काही यंत्रांत चिपवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये गोधडीचा तुकडा बसवावा असा थर निघाला आहे. अशा वेळी पंखा पूर्ण वेगाने ओरडतो आणि हवा पात्यांमधून जातच नाही. म्हणून हवा एकाच दारातून आत घ्यावी आणि त्या दारावर जाळी असावी. आत ढकलणारी हवा बाहेर ओढणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की फटींमधून हवा बाहेर पडते, आत येत नाही. मात्र जाळी आठवड्याला झटकावी लागते. बुजलेली जाळी ही नसलेल्या जाळीपेक्षा वाईट.

याला एक अपवाद. काही स्वस्त पेट्यांचं पुढचं तोंड पूर्ण प्लास्टिकने बंद असतं, खाली नखभर फट. तिथे पुढचा पंखा गुदमरतो. तशी पाच यंत्रं आपल्या वीसात आहेत. त्यांना मागे बाहेर फेकणारा पंखाच लावू.

आपल्यापैकी एकाने काल विचारलं, बाजूचं झाकणच काढून टाकलं तर? तापमान लगेच उतरतं, खोटं कशाला बोलू. नागपूरच्या एखाद्या बंद, स्वच्छ खोलीत चालूनही जाईल. आपल्याकडे मात्र महिन्याभरात कोंडा, मुंग्या आणि पाल, तिन्ही आत. पालीने शॉर्ट झालेले मदरबोर्ड मी हातांनी काढले आहेत, त्यामुळे माझा सल्ला नको असाच राहील.

वेगाबद्दल थोडं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज तर सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एक पंखा बोंबलत फिरवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवणं केव्हाही चांगलं. हे शिक्षकांसाठी महत्त्वाचं आहे. वीस यंत्रं एकदम सूं करायला लागली की बाईंना शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवता येत नाही. शिवाय जोरात फिरणारा पंखा धूळही जोरातच ओढतो. चार तारांचा पंखा असेल तर मदरबोर्ड त्याचा वेग स्वतः बदलू शकतो. तीन तारांचा असेल तर व्होल्टेज कमी-जास्त करून. आणि एसएमपीएसच्या वायरीवर थेट जोडला तर तो जानेवारी असो की मे, पूर्ण वेगानेच धावतो. बहुतेक ठिकाणी दुकानदार घाईत तसाच जोडून देतात.

यंत्र सुरू होताना बायोसमध्ये जाऊन वेगाची पायरी ठरवता येते. कारखान्यातून आलेली पायरी थंड खोली धरून केलेली असते. आपल्याकडे मेमध्ये काही काम नसतानाही चिप ५५-६० वर असते, त्यामुळे पंखा सतत वर-खाली वेग बदलत राहतो आणि त्या हेलकाव्यांनीच डोकं उठतं. मी अशी ठेवतो: ५० अंशांपर्यंत चाळीस टक्के, ६५ ला सत्तर, ७५ च्या पुढे पूर्ण. आणि वेग बदलायला काही सेकंदांची उसंत ठेवायची, म्हणजे क्षणभर तापलं की लगेच पंखा उसळत नाही.

चिप आणि हवेमधले जे ४० अंश आपण धरले, तिथेही कमाई आहे. चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यात एक मलम असतं. आठ-दहा वर्षांत ते वाळून खडूसारखं होतं. ते पुसून वाटाण्याएवढं नवीन लावायचं, जास्त नाही. ठोकळ्याचे चार पाय दाबताना समोरासमोरचे कोपरे आधी दाबायचे, मोटारीच्या चाकाचे नट आवळतो तसे. चारातला एक पाय सुटलेला असतो आणि लोक पंखे बदलत बसतात. भंडाऱ्याच्या पितळेवर प्रेम असणाऱ्या आपल्या एका मित्राने विचारलं होतं की ठोकळा पितळेचा का नसतो? अरे, पितळ दिसायला देखणं, पण तांबं त्याच्या तिप्पटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. अॅल्युमिनियमसुद्धा पितळेच्या पुढे आहे आणि स्वस्त, हलकं.

हा प्रश्न आपल्या एकट्या शाळेचा नाही बरं का. आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याच घराण्यातला परम ब्रह्म २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसवला, त्याच्या चिपांची उष्णता अंगाला भिडवलेल्या पात्रांतून द्रव फिरवून काढतात. तिथेही हिशोब तोच, तापलेलं बाहेर न्यायचं आणि ताजं आत आणायचं. त्यांच्याकडे निधी आहे, आपल्याकडे अगरबत्ती आहे. अगरबत्ती गमतीने म्हणत नाही. पंखे बसवल्यावर पेटीच्या पुढे धुराची रेघ धरा. धूर आत ओढला जातो का, मागून बाहेर पडतो का, की वळून परत पुढे येतो, हे डोळ्यांनी दिसतं. मुलांना दाखवायला याहून चांगला प्रयोग नाही.

आता एसीचं बोलू. वीस यंत्रं गुणिले १०० वॅट, म्हणजे २००० वॅट. खोलीत दोन इस्त्र्या दिवसभर चालू ठेवल्यासारखं. चाळीस मुलं बसली तर प्रत्येक मूल ८०-१०० वॅट उष्णता सोडतं, ते साडेतीन-चार हजार वॅट. एक टन एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे पावणेदोन टन तर नुसते यंत्रं आणि मुलं खाऊन टाकतील, वर टिनाचं छत आहे, त्याचं ऊन वेगळं. दोन एसी तरी लागतील, आणि त्याचं बिल आपण नाही, शाळा भरणार आहे. दरमहा. आपण एकदा पैसे देऊन फोटो काढून निघून जाऊ.

त्यापेक्षा खोलीलाच मोठी पेटी समजा. उत्तरेच्या खिडकीत कूलर आहेच. समोरचं वरचं झरोकं पुठ्ठ्याने बंद केलं आहे, धूळ येते म्हणून. तो पुठ्ठा काढून तिथे बाहेर फेकणारा पंखा लावायचा. छताला उन्हाळ्याआधी चुना मारायचा. कूलरचा झोत मात्र थेट यंत्रांवर नको. आपल्याकडच्या पाण्यात क्षार आहेत. थेंब उडून बोर्डावर बसले की गंजतं. आणि जूनच्या शेवटी पाऊस लागला की कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा. तेव्हा हवा आधीच ओली असते, पाण्याने ती थंड होत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळीच यंत्रं उष्णतेने बंद पडतात असं नाही. मी पाहिलेल्या वीसात दोन यंत्रांच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले आहेत, वरून घुमटासारखे. ती पंख्याने सुधारणार नाहीत. पण उरलेल्यांना थंड ठेवलं तर त्यांचे कपॅसिटर टिकतील. अंदाजाने दहा अंश कमी केले की त्यांचं आयुष्य दुप्पट होतं असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून यंत्रं फेकायची गरज नाही, त्यांत लिनक्स चालतं. मराठी टायपिंगही चालतं. त्यावर पुढच्या मेळाव्यात बोलेन, आज जेवण थंड होतंय.

तर माझा प्रस्ताव असा. नवे यंत्र नको, एसी नको. टेबलांच्या कप्प्यांची मागची फळी कापायची, किंवा पेट्या सरळ बाहेर, टेबलाच्या शेजारी दोन विटांवर ठेवायच्या. यालाच काही पैसे लागत नाहीत, आणि निम्मं काम यानेच होतं. बारापर्यंत बंद पडणारं एक यंत्र मी एप्रिलमध्ये असं बाहेर काढून ठेवलं होतं, ते त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत चाललं. मग १८ यंत्रांना एकेक पंखा. साधा पंखा ३००-४०० रुपयांत मिळतो. जाळ्या, मलम, झरोक्याचा पंखा, चुना मिळून हिशोब कागदावर आहे, तो जेवताना फिरवतो. उरलेल्या वर्गणीतून ती दोन फुगलेली यंत्रं बदलू. आणि वर्षातून दोनदा साफसफाई: एकदा दिवाळीच्या सुटीत, एकदा मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर. यासाठी बाहेरचा माणूस नको. नववीची मुलं शिकतील, मी शिकवेन. यंत्र बंद करून, वायर काढून, व्हरांड्यात आणून ब्लोअर मारायचा, आणि तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. भिंगरीसारखं फिरू द्यायचं नाही, बेअरिंग जातं आणि उलटी वीज बोर्डात जाऊ शकते. ओलं फडकं अजिबात नाही.

पहिली सफाई मार्चच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. पंखे मी नागपूरला सीताबर्डीहून घेऊन येतो. फळ्या कापायला आपल्याच बॅचचा सुतार मित्र तयार आहे, त्याने आत्ता मान हलवली. ब्लोअर माझा आहे, पण व्हरांड्यापर्यंत पोचायला लांब वायरचा बोर्ड लागेल. ज्याच्याकडे असेल त्याने तो सोबत आणावा.